वेरोनाच्या दगडी पायऱ्यांवर

वऱ्हाडांत जन्मलेल्या माणसास उन्हाची फुशारकी मारण्याचा एक प्रकारचा वारसाहक्कच असतो. मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेला कीं आम्ही जितके कुरकुरतों तितकेच मनांतून फुगतों. आणि पुण्यामुंबईचा पाहुणा अंगणांत दोन मिनिटें उभा राहून हाशहुश करूं लागला म्हणजे आम्हांस जें समाधान वाटतें, तें तालमींतल्या पहिलवानास बघ्यांकडे पाहून वाटत असावें. सन २०२५ च्या जूनच्या अखेरीस आम्ही उभयतां चिरंजीवांकडे म्यूनिक येथें होतों. तेथील वृत्तपत्रें उष्णतेच्या लाटेच्या बातम्यांनीं भरून गेलीं होतीं. आंकडा पाहिला तर छत्तीस, फार तर सदतीस! आम्ही मोठ्यानें हंसलों आणि एवढ्यावर घाबरणाऱ्या लोकांनीं दोन महायुद्धें कशीं लढलीं असतील, असा एक शेराही मारला. आमची नात तेव्हां कांहीं बोलली नाहीं. तिचें न बोलणें आम्हीं संमति समजलों. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहिलेल्या माणसाची ही खोड लवकर जात नाहीं.

वेरोनाचा बेत या नातीचाच. इटलीच्या उत्तर भागांत आडिजे नदीच्या वळणांत वसलेल्या या शहरांत रोमन काळचें एक अँफिथिएटर आहे. तेथें दर उन्हाळ्यांत उघड्या आकाशाखालीं संगीत नाटकांचा महोत्सव भरतो आणि एकेका रात्रीं दहा-पंधरा हजार माणसें गाणें ऐकावयास बसतात. त्या आठवड्यांत वेर्दीचें 'आयदा' होतें. या नाटकाचा पहिला प्रयोग कैरो येथें २४ डिसेंबर १८७१ रोजीं झाला. आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' पुण्यास १८८० सालीं रंगभूमीवर आलें. म्हणजे दोहोंत पुरें नऊ वर्षांचेंही अंतर नाहीं. संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसास हा योगायोग पुरेसा होता. आम्ही होकार दिला.

म्यूनिकहून वेरोनास थेट आगगाडी जाते. साडेपांच तासांच्या आसपास लागतात. ब्रेनरच्या खिंडींतून गाडी आल्प्स ओलांडते तोंवर खिडकीबाहेर हिरवीं कुरणें, लांकडी घरें आणि दूरवर हिमाचा एखादा पांढरा पट्टा दिसत राहतो, आणि मनुष्यास वाटतें कीं आपण शीत प्रदेशांतच आहों. पुढें गाडी उतरूं लागते. बोल्झानो नांवाचें शहर लागतें. सभोंवार डोंगर, मध्यें खोलगट बशी, आणि त्या बशींत उन्हाळा सांचून राहिलेला. दार उघडतांच आंत आलेली झळ आम्हांस ओळखीची वाटली. बडनेऱ्याच्या फलाटावर मे महिन्यांत अशीच येते. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, ही तर आपलीच हवा." आम्हांसही तेंच वाटलें होतें; पण येथें आमची चूक होत होती, ती पुढें कळली.

वेरोनास उतरल्यावर नातीनें भ्रमणध्वनीवर एक पत्रक दाखविलें. इटलीचें आरोग्य मंत्रालय उन्हाळ्यांत देशांतील सत्तावीस शहरांसाठीं उष्णतेचें असें पत्रक काढतें. शून्यापासून तीनपर्यंत चार पायऱ्या असतात, आणि तिसरी पायरी लाल. लाल म्हणजे वृद्धांस व रुग्णांसच नव्हे, तर धडधाकट माणसासही अपाय होण्याचा संभव. ही सावधगिरी त्या लोकांस फुकट सुचलेली नाहीं. २००३ सालच्या उन्हाळ्यांत युरोपखंडांत सत्तर हजारांच्या आसपास माणसें नेहमींपेक्षां अधिक मेलीं असा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. एकट्या घरांत, वरच्या मजल्यावर, पंख्यावांचून. तेथील घरें ऊब धरून ठेवण्यासाठीं बांधलेलीं. तीच ऊब उलटली. आपल्याकडे उन्हाळा येणार म्हणून माठ येतो, वाळ्याचे पडदे येतात, कैरीचें पन्हें होतें, दुपारीं बाजार ओस पडतो. उन्हाशीं झगडण्यापेक्षां त्यास वाट करून देण्याची ही एक जुनी रीत आहे. आम्ही वऱ्हाडी लोक ऊन सोसतों असें म्हणतों. वस्तुतः आम्ही तें बहुतेक चुकवितों. शिवाय पो नदीच्या या सखल प्रदेशांत हवा दमट. घाम येतो पण वाळत नाहीं, आणि वाळल्यावांचून तो अंग निववीत नाहीं. अकोल्याचा कोरडा पंचेचाळीस आणि येथील ओलसर छत्तीस यांची तुलना आंकड्यांवरून करणें म्हणजे दोन निरनिराळ्या वृत्तांतील श्लोकांची गोडी अक्षरें मोजून ठरविण्यासारखें आहे. अर्थात् हें शहाणपण आतां लिहितांना सुचत आहे.

दुपार आम्हीं खोलींतच काढली. चार वाजतां सौ.नीं पिशवींतून लिंबें काढून साखर-मिठाचें सरबत केलें व दोन बाटल्या भरल्या. आम्हीं त्या पाहून म्हटलें, "गाण्यास जातों आहों, यात्रेस नव्हे." एक बाटली त्यांनीं मुकाट्यानें खोलींतच ठेविली. दुसरी नातीनें आपल्या पिशवींत घातली. तें आम्हांस दिसलें नाहीं.

एका गल्लींत ज्यूलिएटचें म्हणून एक घर दाखवितात. तेथें ही गर्दी! त्या घराचा प्रसिद्ध सज्जा विसाव्या शतकांत बसविलेला आहे हें सर्वांस ठाऊक असूनही सर्व त्याकडे माना वर करून पाहत होते. आम्हींही पाहिलें आणि पुढें चाललों.

आरेना मात्र पाहावयाचीच वस्तु आहे. ब्रा नांवाच्या विस्तीर्ण चौकांत ती उभी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील बांधकाम. जवळच्या वाल्पोलिचेल्ला भागांतील पांढरा व गुलाबी चुनखडीचा दगड. एके काळीं तिला बाहेरून आणखी एक कमानींचें कडें होतें. १११७ सालच्या भूकंपांत तें कोसळलें. त्यांतल्या चार कमानी तेवढ्या अद्याप उभ्या आहेत. मोडलेल्या पक्ष्याचा एक पंख शिल्लक राहावा तशा. तेथील लोक तिला 'पंख' असेंच म्हणतात. आंत चव्वेचाळीस दगडी पायऱ्यांच्या रांगा लंबवर्तुळांत चढत जातात. रोमन काळीं तेथें माणसें माणसांशीं आणि पशूंशीं झुंजत, आणि सुमारें तीस हजार प्रेक्षक तें पाहत बसत. १९१३ सालीं वेर्दीच्या जन्मास शंभर वर्षें झालीं, तेव्हां जोव्हान्नी झेनातेल्लो या वेरोनाच्याच गायकानें पुढाकार घेऊन १० ऑगस्ट रोजीं येथें 'आयदा' केलें. त्या रात्रींपासून हा महोत्सव चालत आला आहे. महायुद्धांनीं त्यांत खंड पडला, म्हणून शंभरावा महोत्सव २०२३ सालीं झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इटलीच्या संगीतनाट्यगायनास युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

रोमन लोकांस उन्हाचें ज्ञान नव्हतें असें कोणीं समजूं नये. अशा प्रेक्षागारांवर ते कापडी छत ओढीत. पोंपेई येथें भिंतींवर रंगविलेल्या खेळांच्या जाहिरातींत छत घातलें जाईल, पाण्याचे तुषार उडविले जातील, असें मुद्दाम लिहिलेलें आढळतें. आजच्या जाहिरातींत गाडी उभी करण्याची सोय सांगतात तसें. आणि याच छताविषयीं सुएटोनियस या चरित्रकारानें कालिगुला बादशहाची एक गोष्ट लिहून ठेविली आहे. खेळ चालू असतां, ऊन अगदीं पेटलें म्हणजे हा बादशहा कधीं कधीं छत मागें ओढावयास लावी, आणि कोणासही बाहेर जाऊं देऊं नये अशी आज्ञा करी. ही गोष्ट आम्हीं रांगेंत उभ्या उभ्या नातीस सांगितली. पाठ सांगण्याची संवय! ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे त्याला ठाऊक होतं की उन्हात कोंडलेल्या गर्दीला दुसरी शिक्षा लागत नाही." आम्ही "वाः" म्हटलें. त्या "वाः"ची लाज आम्हांस दोनच तासांनीं वाटली.

रांगेंत कां उभे होतों तेंही सांगितलें पाहिजे. चिरंजीवांनीं म्हाताऱ्यांसाठीं खालच्या पटांगणांतील खुर्च्यांचीं तिकिटें घ्यावीं असें सुचविलें होतें. भाव ऐकून आम्हीं तें मोडून काढलें. वरच्या दगडी पायऱ्यांवर क्रमांकावांचून जागा मिळते, तेथें चौघें एकत्र बसूं. दगडावर बसणें आम्हांस नवें नाहीं, घाटावर बसतोंच कीं. क्रमांक नसल्यामुळें लवकर जाणें भाग. सात वाजतां आम्ही दारापाशीं होतों, आणि जूनअखेरीस तेथें सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. सातचें ऊन आपल्याकडच्या साडेचारच्या उन्हासारखें तिरपें आणि बोचरें होतें. आरेनाची सांवली जसजशी सरकत होती तसतशी ती सारी रांग वांकडी होऊन सांवलींत शिरत होती. जर्मन, फ्रेंच, इटालियन, आम्ही. कोणी छत्री उघडली तर तिच्याखालीं तीन अनोळखी डोकीं. कालिदासानें ऋतुसंहाराच्या पहिल्या सर्गांत उन्हानें गांजलेला सर्प मोराच्या पिसाऱ्याच्या सांवलींत वैर विसरून पडलेला रंगविला आहे. तें चित्र आम्हीं वर्गांत पुष्कळदां अतिशयोक्ति म्हणून सांगितलें आहे. आतां तसें सांगणार नाहीं.

दारापाशीं उशा भाड्यानें मिळतात. चिरंजीवांनीं चार घेतल्या. आम्हीं आपली परत केली. सौ. म्हणाल्या, "घ्या हो, दगड तापलेला असेल." आम्हीं उपरणें दाखविलें. वर चढलों. पायऱ्या उंच, चढतांना दोनदां थांबलों, तीं दोन्हीं वेळां स्थापत्याचें निरीक्षण करण्याच्या मिषानें. बसलों, आणि उपरण्याच्या दोन घड्यांतून जी ऊब वर आली तिनें आम्हांस प्रथमच कळलें कीं ऊन मावळलें म्हणजे संपत नाहीं. तो दगड पंधरा तास ऊन प्याला होता आणि आतां तें सावकाश परत करीत होता. वर आकाश निवत चाललेलें, खालीं तवा. चहूं बाजूंनीं तापलेली दगडी परात, आणि तींत खांद्याला खांदा लावून हजारों माणसें. प्रत्येक माणूस स्वतःची एक लहानशी चूल घेऊन आलेला. वारा म्हणून नव्हता.

तथापि तें दृश्य! आकाशाचा रंग जांभळा होत गेला. पाकोळ्या वरून चित्कारत फिरत होत्या. मग पायऱ्यांवर एक-एक करून लहान मेणबत्त्या लागूं लागल्या. पूर्वीं संहितेचें पुस्तक वाचावयास लोक त्या आणीत असें म्हणतात. आतां ती केवळ रीत राहिली आहे. समोरच्या अर्धवर्तुळांत शेंकडों ठिपके लुकलुकूं लागले, तेव्हां त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपमाळेची आठवण होऊन आमचे डोळे भरून आले. मग नाटकांतल्या वेषांतील एक स्त्री रंगमंचावर आली आणि तिनें एका मोठ्या थाळीसारख्या घंटेवर टोला दिला. असे तीन टोले. तिसरी घंटा! मराठी माणसास याहून अधिक काय सांगावयास पाहिजे? आम्हीं वळून सौ.ना म्हटलें, "ऐकलीस का? तिसरी घंटा!"

त्या समोर पाहत होत्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनीं नातीच्या हातावर हात ठेवून तिला आपल्या दिवंगत बहिणीच्या नांवानें हांक मारली आणि विचारलें, "दळण आणलंस का?"

त्या क्षणीं आमच्या तोंडून जे शब्द निघाले ते येथें जसेच्या तसे लिहितों, कारण ते लपविले तर हा लेख लिहिण्यांत कांहीं अर्थ नाहीं. आम्ही म्हणालों, "थोडं सोस. आता सुरूच होतंय."

नातीनें आमच्याकडे पाहिलेंही नाहीं. तिनें पिशवींतून ती सरबताची बाटली काढून आजीच्या ओठांस लावली, चिरंजीवांस "बाबा, त्या बाजूनं धरा" एवढेंच म्हटलें, आणि वाद्यवृंद सुरू होत असतां, शेजारचे लोक गुडघे वळवून वाट देत असतां, तिघें खालीं निघालीं. मागून आम्ही. पायऱ्यांच्या पोटांत शिरणाऱ्या एका कमानींतून आंत गेलों आणि एकदम थंडावा लागला. रोमन स्थपतींनीं प्रेक्षक झपाट्यानें बाहेर पडावे म्हणून या बोळांची योजना केली होती. दोन हजार वर्षें झालीं, तरी त्या जाड भिंतींत ऊन शिरलेलें नाहीं. तेथें मदतीस नेमलेल्या दोन तरुण स्वयंसेविका होत्या. त्यांनीं सौ.ना निजविलें, पाय उंच केले, मानेवर आणि कांखेंत ओल्या पट्ट्या ठेविल्या, वारा घातला, ताप व रक्तदाब पाहिला, आणि नातीमार्फत विचारलें: नांव काय, वार कोणता. नांव बरोबर सांगितलें. वार चुकला. पुन्हां पाणी, पुन्हां पट्ट्या. नात हळूच म्हणाली, उन्हानें मनुष्य केवळ थकला तर भिण्याचें तितकें कारण नसतें. पण बोलण्यांत भ्रम दिसूं लागला म्हणजे दवाखान्याची तयारी ठेवावी, उशीर जीवावर बेततो. म्हातारपणीं तहान मंदावते. शरीराला पाणी हवें असतें आणि मनास तें कळत नाहीं. आम्हीं तर मनासही गप्प बसविलें होतें.

वीस-पंचवीस मिनिटें गेलीं असतील. पहिला अंक आमच्या डोक्यावर चालला होता. बोळांतून गाणें असें येत होतें कीं जणू तो दगडच गुणगुणत आहे. गायकांच्या तोंडापाशीं ध्वनिक्षेपक नसतो, तरी एक-एक स्वर स्वच्छ येत होता. आम्हांस मात्र दुसरेंच गाणें ऐकूं येत होतें.

तीसएक वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें एक मे रोजीं झेंडावंदन आणि मुलांचें समूहगान होतें. समूहगान आम्हीं बसविलें होतें. वेळ सकाळीं साडेसातची. प्रमुख पाहुणे साडेनऊ वाजले तरी आले नाहींत. वऱ्हाडांतील एक मे. साडेनऊस मैदानावर पाय ठेववत नाहीं. दोनशें मुलें रांगेंत उभीं. कोणी पाणी मागितलें तर आम्हीं हात वर करून थांबविलें. रांग मोडली तर पाहुण्यांपुढें शोभा काय राहील? त्या आठवड्यांत आम्हीं वर्गांत गीतेंतील तितिक्षा समजावून सांगितली होती. शीत आणि उष्ण समान मानावें, सोसावें. पहिल्या ओळींतील एक मुलगा, स्वर उत्तम, त्यालाच आरंभ करावयाचा होता, तो "सर, चक्कर येते" म्हणाला. आम्ही म्हणालों, "थोडं सोस. आता सुरूच होतंय." तो पडला. हनुवटीस खोंक पडून रक्त आलें. एका शिपायानें त्यास उचलून व्हरांड्यांत नेलें आणि दुसऱ्या मुलास पुढें उभें करून आम्हीं गाणें म्हणवून घेतलें. पाहुण्यांनीं गाण्याची स्तुति केली. मुलगा सायंकाळपर्यंत बरा झाला. आम्हीं ही गोष्ट कोणास सांगितली नव्हती, घरांतही नाहीं. कारण तिच्यांत सांगण्यासारखें कांहीं आहे असेंच आम्हांस वाटलें नव्हतें.

कालिगुलास निदान आपण क्रूरपणा करीत आहों हें ठाऊक होतें.

सौ.नीं डोळे नीट उघडले आणि वार बरोबर सांगितला. मग विचारलें, "गाणं सुरू झालं ना? तुम्ही इथं काय करता? जा वर." आम्ही गेलों नाहीं. स्वयंसेविकांनीं आणखी तासभर तेथेंच बसण्यास सांगितलें, आणि पुढें वर न जातां बोळाच्या तोंडाशीं बसून ऐकलें तर चालेल असें सांगितलें. त्या वेळांत नातीनें एक गोष्ट सांगितली. ब्राझीलमध्यें रिओ येथें नोव्हेंबर २०२३ मध्यें एका जगप्रसिद्ध अमेरिकन गायिकेचा जलसा क्रीडागारांत होता. तिकडे तो उन्हाळ्याचा आरंभ. शहरांत उष्णतेचा कहर. दमटपणा धरून अंगास जाणवणारी उष्णता एकोणसाठ अंशांवर मोजली गेली होती. बाहेरून पाण्याच्या बाटल्या आंत नेण्यास मनाई होती. तेवीस वर्षांची एक मुलगी गाणें सुरू होतांच कोसळली आणि वांचली नाहीं. दुसऱ्या दिवशींचा प्रयोग पुढें ढकलला, आणि मग सरकारनें आज्ञा काढली कीं लोकांस पाणी नेऊं द्यावें. "मग," नात म्हणाली, आणि थांबली. तिच्या बरोबरीच्याच वयाची ती मुलगी. तिच्यासारखीच महिनोन्महिने पैसे सांठवून गेलेली असेल. चिरंजीवांस खारघरची आठवण झाली. १६ एप्रिल २०२३ रोजीं तेथील उघड्या मैदानावर भर दुपारच्या उन्हांत लाखों माणसें एका गौरवसमारंभास बसलीं होतीं, आणि त्यांतलीं दहाहून अधिक उष्माघातानें गेलीं. तीं माणसें श्रद्धेनें आलीं होतीं. उठून जाणें हा त्यांस अपमान वाटला असेल. आम्हांस तें चांगलें समजतें.

वेरोनाच्या लोकांनीं निदान रात्र निवडली आहे. आपल्या पूर्वजांनींही गाण्यास थंडी आणि रात्र हींच नेमून दिलीं होतीं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून हिवाळ्यांत होतो आणि जुनीं माणसें शाली पांघरून ऐकत बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु आतां उन्हाळा रात्रीसही सोडीत नाहीं असें दिसतें.

दुसऱ्या अंकांतील विजयाची मिरवणूक आम्हीं बोळाच्या तोंडांतून, दोन खांद्यांच्या फटींतून पाहिली. सरळ लांब तुताऱ्या, सेना, बंदिवान. आणि त्या बंदिवानांत आयदाचा पिता, इथिओपियाचा राजा. ती स्वतः मिसर देशांत दासी, आणि ज्या सेनापतीनें तिच्या लोकांस जिंकलें त्याच्यावरच तिचें प्रेम. संगीत एवढें भव्य कीं वरच्या पायऱ्या हललेल्या वाटाव्या. तथापि खरें सांगावयाचें तर आम्हांस शेवटचा अंकच लागला. मध्यरात्र उलटून गेली होती. सेनापतीस देशद्रोहाबद्दल जिवंत पुरण्याची शिक्षा होते. वर शिळा बसविली जाते. आणि त्या अंधारांत त्यास कळतें कीं आयदा आधींच येऊन लपली आहे, त्याच्याबरोबर मरावयास. एवढा मोठा रंगमंच, एवढी सेना, एवढे कर्णे. आणि शेवटीं दगडाखालीं गुदमरणारे दोन जीव, आणि त्यांचें अगदीं हलकें, वर वर जाणारें गाणें. टाळ्या सुरू होण्यापूर्वीं क्षणभर ती सारी परात निःशब्द होती. सौ.नीं आमचा हात धरला होता. त्यांचा हात आतां गार होता.

बाहेर पडलों तों एक वाजत आला होता. चौकांतील झाडांखालीं, कारंज्याच्या कांठावर लोक पाय सोडून बसले होते. सौ. कांहीं वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, "वर असताना तुम्ही मला काहीतरी म्हणालात. काय म्हणालात?" आम्हीं सांगितलें. मग त्या मुलाचें सांगितलें. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "त्याचं पुढं काय झालं?"

त्याचें नांव आमच्या ध्यानांत होतें. पुढें काय झालें हें ठाऊक नव्हतें. ऑगस्टांत परत आल्यावर चौकशी केली. तालुक्याच्या गांवीं त्याचें सायकलदुरुस्तीचें दुकान आहे, आतां मोटारसायकलीही दुरुस्त करतो. आम्ही उभयतां गेलों. त्यानें लगेच ओळखलें, हात पुसून पायांस हात लाविला, खुर्च्या मांडल्या, माठांतलें पाणी दिलें. हनुवटीवर बारीक रेघ आहे. दाढींत फारशी दिसत नाहीं. आम्हीं एक मेची गोष्ट काढली. ऊन त्याला आठवत नव्हतें, पडल्याचेंही अंधुकच. "पण सर," तो हंसत म्हणाला, "माझं गाणं तुम्ही दुसऱ्याला दिलंत. घरी आईला सांगून ठेवलं होतं मी, म्हणून ती आली होती ऐकायला."

सौ.नीं त्यास गाणें म्हणावयास सांगितलें. त्यानें आढेवेढे घेतले; दुकानांत गिऱ्हाईक होतें. मग आंतल्या बाजूस, सांवलींत उभें राहून त्यानें पहिलें कडवें म्हटलें. स्वर अजून चांगला आहे.